क्लबमध्ये डीजे व्हायचंय? साडेनऊच्या रिकाम्या फ्लोअरपासून सुरुवात करा

मी डीजे झालोय हे घरी सांगितलं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे गणपतीत ट्रॅक्टरवर बसणार का रे तू?" तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे डीजे हा माणूस नसतोच, ती स्पीकरची भिंत असते. "यंदा मंडळानं डीजे लावलाय" असं आपण सहज म्हणतो. कोल्हापूर-सांगलीकडे त्याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात, त्या नावाच्या कंपनीशी तिचा काडीचा संबंध नसला तरी.

म्हणून यंत्र विकत घेण्याच्या आधी एक गोष्ट ठरवा.

कोणता डीजे?

ढोबळ मानानं तीन धंदे आहेत. लग्न, संगीत आणि कंपन्यांच्या पार्ट्या करणारा डीजे. शनिवारी रात्री बॉलिवूड, पंजाबी आणि हिप-हॉप वाजवणारा कमर्शियल क्लबचा डीजे. आणि हाऊस, टेक्नो, ट्रान्स असं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणारा डीजे. पैशाचं विचाराल तर पहिला धंदा सगळ्यात भरवशाचा आहे, तिसरा सगळ्यात कमी. माझे निम्मे मित्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नं करतात आणि त्या पैशावर वर्षभर टेक्नो वाजवतात. त्यात कमीपणा नाही. उलट लग्नात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच फ्लोअरवर उभं करता आलं, तर क्लब सोपा वाटतो.

हा लेख तिसऱ्या धंद्याबद्दल आहे. कँडोलिमला २००७ साली सुरू झालेला आणि २०१६ मध्ये पुण्यात आलेला सनबर्न हा संगीत महोत्सव बघून अनेकांना या क्षेत्राची ओढ लागली. मोठं स्टेज, आगीचे फवारे, हात वर केलेले हजारो लोक. तो तासाभराचा देखावा असतो. क्लबचं काम वेगळं. तिथे साडेनऊला दार उघडतं, फ्लोअरवर कोणी नसतं, आणि त्या रिकाम्या फरशीसमोर तुम्ही उभे असता. नवीन माणसाला पहिली दोन-तीन वर्षं हीच वेळ मिळते. सगळी तयारी त्या वेळेसाठी करायची.

आधी मोजायला शिका

ढोल-ताशा पथकात वाजवलं असेल किंवा भजनात टाळ धरला असेल, तर हा भाग तुम्हाला निम्मा येतोच. हाऊस आणि टेक्नो चार-चारच्या मोजणीत चालतात आणि प्रत्येक ठोक्यावर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा दणका असतो. चार ठोक्यांचा एक बार, आठ बारचं एक वाक्य, म्हणजे ३२ ठोके. ट्रॅकमध्ये काही नवीन यायचं असेल, हाय-हॅट, बेस, गाणाऱ्याचा आवाज, तर ते बहुतेक वेळा या ३२ नंतरच्या 'एक'वर येतं. तबल्याच्या मैफलीत समेवर मान हलते ना, तशी इथे त्या 'एक'वर सगळ्या फ्लोअरची हलते.

दहा दिवस दुसरं काही करू नका. बसमध्ये, चालताना, भांडी घासताना ट्रॅक लावा आणि ३२ मोजा. १२० बीपीएमला (म्हणजे मिनिटाला १२० ठोके) एक वाक्य बरोबर १६ सेकंदांत संपतं. काही दिवसांनी मोजावं लागत नाही, वाक्य संपत आलंय हे अंगाला कळतं.

वेगाचाही अंदाज ठेवा. हाऊस साधारण ११८ ते १२८, टेक्नो १२५ पासून १४० च्या पुढेपर्यंत, गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेला सायट्रान्स १४० च्या आसपास आणि वर, ड्रम अँड बेस १७० ते १७८.

यंत्र कोणतं घ्यावं

क्लबच्या बूथमध्ये, म्हणजे डीजे उभा राहतो तिथे, जवळजवळ सगळीकडे पायोनियरचे सीडीजे प्लेअर आणि डीजेएम मिक्सर असतात. नाव सीडीजे असलं तरी आता त्यात सीडी कोणी घालत नाही, पेनड्राइव्ह लावतात. दोन प्लेअर आणि मिक्सर मिळून लहान गाडीएवढे पैसे होतात, त्यामुळे घरी ते घेण्याचा विचारही करू नका. डीडीजे-एफएलएक्स४ सारखा दोन चॅनलचा कंट्रोलर आणि तुमचा लॅपटॉप एवढ्यावर वर्षभर आरामात जातं. त्याच्या बटणांची मांडणी क्लबच्या यंत्रासारखीच असते. सेकंडहँड मिळाला तर फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वरखाली करून खरखर येते का तेवढं बघा.

उरलेले पैसे हेडफोनवर घाला. कानावर घट्ट बसणारा, बाहेरचा आवाज अडवणारा आणि एक कप मागे वळवता येणारा हवा. सेनहायझरचा एचडी २५ कित्येक बूथमध्ये दिसतो, कारण तो पडतो, दबतो, तरी चालतो आणि त्याचे सुटे भाग मिळतात.

पहिल्या गिगच्या, म्हणजे पहिल्या कामाच्या रात्रीच्या, आधी मात्र एखाद्या डीजे शाळेत किंवा स्टुडिओत तासाच्या भाड्यावर खऱ्या सीडीजेवर दोन-तीन वेळा हात बसवा. अंधारात बटणं शोधत बसण्याइतकी फजिती दुसरी नाही.

दोन घोडे, एक टाप

सिंक नावाचं बटण दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळवतं. ते वापरणं पाप नाही. पण पहिले दोन महिने त्यावर इन्सुलेशन टेप चिकटवा. स्क्रीनवर बीपीएमचा आकडा दिसतो, त्यावरही.

आता असं करा. पहिला ट्रॅक स्पीकरवर चालू आहे. दुसरा फक्त हेडफोनमध्ये, एका कानावर. दुसरा कान उघडा. पहिल्या ट्रॅकच्या वाक्याची वाट बघा आणि 'एक'वर दुसरा सोडा. दोघांच्या किक एकत्र पडल्या तर एकच घट्ट ठोका ऐकू येतो. नाही पडल्या तर घोडा दौडतोय असं वाटतं, टबडक टबडक. दुसरा पुढे पळत असेल तर जॉगव्हीलच्या, म्हणजे मोठ्या गोल चकतीच्या, कडेला बोटानं किंचित अडवा, मागे राहिला असेल तर हलका पुढे ढकला. जुळवल्यावर दहा सेकंदांत पुन्हा त्याच बाजूला सुटला, तर वेगच चुकलाय. टेम्पो फेडर केसभर सरकवा. पुन्हा ऐका. पहिल्या आठवड्यात रडू येतं. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी घोडा अचानक थांबतो आणि त्यानंतर तो कसा जुळला हे तुम्हाला सांगताही येत नाही.

जुळल्यावर मिसळायचं. आत येणाऱ्या ट्रॅकचा लो नॉब पूर्ण डावीकडे, म्हणजे बेस बंद. फेडर हळू वर. दोन बेस एकाच वेळी चालू राहिले की खालचा सगळा आवाज चिखल होतो. म्हणून वाक्याच्या 'एक'वर एका हातानं जुन्याचा बेस काढा, दुसऱ्या हातानं नव्याचा आणा. बेसची ही अदलाबदल नीट जमली तर तुमचं निम्मं काम झालं. इफेक्टची बटणं वर्षभर नाहीतच असं समजा.

मग सिंकवर टेप कशाला? कारण एखाद्या रात्री सॉफ्टवेअरनं ट्रॅकची ग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या जागा, चुकीची ओळखलेली असते आणि सिंक आत्मविश्वासानं चुकीचं जुळवतं. तेव्हा फक्त कान उरतात.

गाणी आणि पेनड्राइव्ह

ट्रॅक विकत घ्या. बीटपोर्ट, बँडकॅम्प इथे मिळतात. यूट्यूबवरून काढलेली फाइल फोनवर बरी वाटते, क्लबच्या सबवूफरवर तिचा पोकळपणा उघडा पडतो. कमीत कमी ३२० केबीपीएसचा एमपी३ घ्या, जमलं तर वेव्ह किंवा एआयएफएफ. आणि घेताना 'एक्स्टेंडेड मिक्स' लिहिलंय का बघा. रेडिओसाठी कापलेल्या आवृत्तीत सुरुवातीचे नुसत्या ड्रमचे ३२ किंवा ६४ ठोके नसतात, मग मिसळायला जागाच उरत नाही. नवशिक्याचे पहिले पन्नास ट्रॅक हमखास चुकीच्या आवृत्तीचे निघतात. माझे निघाले होते.

रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर ट्रॅकचा वेग आणि सूर तपासून देतं. सुरांसाठी कॅमेलॉट चक्राचे आकडे वापरतात, १ ते १२, पुढे ए किंवा बी. ८ए नंतर ७ए, ९ए, ८बी सहज बसतात. त्याचा गुलाम होऊ नका, पण गाणारे आवाज असलेले दोन ट्रॅक एकमेकांवर घालणार असाल तर पाळा.

फोल्डर प्रकारानुसार करण्यापेक्षा वेळेनुसार करा. 'दार उघडलं', 'ग्लास हातात', 'पाय हलतायत', 'आता सोडा' अशी माझ्या फोल्डरची नावं आहेत. दीड तासाच्या सेटमध्ये वीसेक ट्रॅक वाजतात. सत्तर-ऐंशी घेऊन जा.

आता पेनड्राइव्ह. दोन ठेवा, दोन्हीत तेच. फॉरमॅट फॅट-३२. हे मी किंमत मोजून शिकलोय. कोरेगाव पार्कातल्या एका क्लबात माझी दुसरी की तिसरी रात्र, नवीन कोरा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह, तो दुकानातून येतो तसा एक्स-फॅटमध्ये होता. बूथमधल्या जुन्या प्लेअरला तो वाचताच येईना. स्क्रीन कोरी. बारवाल्यानं स्वतःच्या फोनवरून गाणी लावली आणि मी पाऊण तास रिक्षानं घरी जाऊन दुसरा घेऊन आलो. विंडोज ३२ जीबीच्या वर फॅट-३२ चा पर्याय नेहमीच्या खिडकीत देत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. हे काम गिगच्या दिवशी करू नका.

पहिलं काम कसं मिळतं

इन्स्टाग्रामवर मेसेज पाठवून मिळत नाही. शेकडो मेसेज येतात, कोणी उघडत नाही. मिळतं ते हजेरीनं. तुमच्या आवडीचं संगीत वाजतं तो एक क्लब निवडा आणि बुधवार-गुरुवारी, गर्दी नसताना जा. लवकर जा, उशिरापर्यंत थांबा. सुरुवातीला कोण वाजवतंय ते ऐका. रात्र भरवणारा प्रमोटर कोण, साउंड कोण बघतो, त्यांना नावानं ओळखा. तीन-चार महिन्यांत ते तुम्हाला ओळखायला लागतात.

दरम्यान ४५ ते ६० मिनिटांचा एक मिक्स रेकॉर्ड करून साउंडक्लाउड किंवा मिक्सक्लाउडवर ठेवा. त्यात सगळे हिट कोंबू नका. ओपनिंग सेट करा, हळूहळू चढत जाणारा. प्रमोटरला पुढच्या आठवड्यात ओपनिंगलाच माणूस हवा असतो. तुमच्या मिक्समध्ये पहिल्या मिनिटालाच स्फोट असेल तर तो म्हणणार, छान आहे, पण याला लावू कुठे?

"पन्नास तिकिटं खप, मग स्लॉट देतो" म्हणणारे भेटतील. मित्रांना एकदा बोलावता येतं, दुसऱ्यांदा ते फोन उचलत नाहीत. अशा ठिकाणी मी तरी जाणार नाही.

खरं ध्येय ठेवावं ते रेसिडेन्सीचं, म्हणजे एकाच क्लबमध्ये दर आठवड्याला ठरलेली रात्र. फ्रँकी नकल्स १९७७ पासून शिकागोच्या वेअरहाऊस क्लबचा रेसिडेंट होता, आणि त्या क्लबच्याच नावावरून 'हाऊस' हा शब्द आला असं मानतात. त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, शेकडो रात्री. डीजे असाच तयार होतो.

साडेनऊ ते अकरा

पहिल्या वर्षी एका शनिवारी मला ओपनिंग मिळालं. दहा वाजता बारा-पंधरा लोक होते. मॅनेजर बूथपाशी आला.

"अरे, कोणी नाचत नाहीये. काहीतरी उडतं लाव ना."

मी लावलं. १२८ बीपीएम, मोठे ड्रॉप, म्हणजे क्षणभर थांबून बेस धाडकन परत येतो त्या जागा, एकापाठोपाठ एक. ते पंधरा जण वीस मिनिटं नाचले, घामाघूम झाले आणि सिगारेट ओढायला बाहेर गेले. अकराला हॉल भरला तेव्हा माझ्याकडे वर जायला जागाच नव्हती. मुख्य डीजेला विझलेला फ्लोअर मिळाला. त्यानं हसून हात मिळवला, पण त्याच्या रात्रीला मला पुन्हा बोलावणं आलं नाही.

आता मॅनेजर तेच म्हणतो तेव्हा मी म्हणतो, "सर, साडेदहा होऊ द्या." आणि बारकडे बोट दाखवतो. क्लब चालतो बारवर. पहिल्या तासात लोकांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे, ऑर्डर देताना ओरडावं लागता कामा नये. म्हणून आवाज कमी, वेग ११८ ते १२२, बेस गोलसर, गाणारे आवाज थोडे. मिक्सरवरचे दिवे हिरव्यात, फार तर केशरीत. लाल दिवा पेटला म्हणजे आवाज मोठा होत नाही, फाटतो.

तोवर फ्लोअरकडे नाही, टेबलांखाली बघा. माणूस बोलत असतो, पण पाय टाच आपटायला लागतो. एका टेबलाचे दोन पाय हलले, मग शेजारच्या टेबलाचे, की पुढच्या फोल्डरवर जायची वेळ झाली. पुढची खूण म्हणजे कोणीतरी ग्लास टेबलावर ठेवून उठतं. फ्लोअरवर पहिल्यांदा येतो तो बहुतेक तीन-चार मुलींचा ग्रुप. त्यांना तिथे निवांत नाचता आलं तर पाठोपाठ सगळे येतात. कोणी त्यांना त्रास देत असेल तर तुम्हाला बूथमधून ते सगळ्यात आधी दिसतं. सिक्युरिटीला खूण करा. हा तुमच्या कामाचाच भाग आहे. त्या गेल्या तर फ्लोअर गेला.

मुख्य डीजेचे स्वतःचे ट्रॅक वाजवू नका. त्या महिन्यात सगळीकडे वाजतंय तेही त्याच्यासाठी ठेवा. आणि "दादा, एखादं मराठी लाव ना" म्हणत कोणीतरी मोबाइलचा स्क्रीन तोंडासमोर धरणारच. हसा, मान डोलवा, "बघतो हं" म्हणा. भांडू नका. तो पैसे देऊन आलाय आणि एरवी त्याचं म्हणणं रास्तच आहे, फक्त जागा चुकली आहे.

शेवटची दहा मिनिटं. पुढचा डीजे आला की विचारा, "कितीवर सुरू करणार?" तो १२५ म्हणाला तर तुम्ही १२३-१२४ वर नेऊन ठेवा. तुमचा शेवटचा ट्रॅक चालू राहू द्या, तो त्यावरूनच आत येईल. आणि तुमचा ट्रॅक पूर्ण संपेपर्यंत पेनड्राइव्ह उपटू नका. प्लेअर एकमेकांना जोडलेले असतात, एका पेनड्राइव्हवरून दोन्ही वाजत असू शकतात. भर गर्दीत शांतता झाली की सगळ्यांची मान बूथकडे वळते.

पैसे आणि कायदा

माझी पहिली रात्र १,५०० रुपये आणि जेवण अशी होती. सुरुवातीला पैसे कमीच असतात, पण शून्य नसावेत. तारीख, वेळ, रक्कम, प्रवास कोणाचा हे व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. बाहेरगावी जाणार असाल तर निम्मे आगाऊ. बिल द्या, टीडीएस कापला तर तो प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत तुमच्या नावावर दिसतोय का ते बघा, नाहीतर परतावा मिळायचा नाही. नोकरी असेल तर दोन-तीन वर्षं सोडू नका.

सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवण्याचे परवाने, पीपीएल, आयपीआरएस वगैरे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे, हे क्लबचं किंवा आयोजकाचं काम. पण स्वतः पार्टी भरवलीत तर तुमचं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सरकारनं ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांची मध्यरात्रीपर्यंतची सूट सोडली तर. म्हणून टेरेसवरचा किंवा किनाऱ्यावरचा सेट दुपारी सुरू होतो आणि दहाच्या ठोक्याला बंद. गोव्यात पाळोळेला हेडफोन घालून नाचण्याच्या पार्ट्या याच नियमातून निघाल्या. गोव्याचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात काम शोधायला जाऊ नका, भजी खायला जा.

कान

बूथमध्ये सहज १०० डेसिबल असतं. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० ला उरतात पंधरा मिनिटं. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, सगळ्या पट्ट्यांचा आवाज सारखाच कमी करणारे. पहिल्या गिगच्या मानधनातून ते घ्या. बूथमधल्या मॉनिटर स्पीकरचा आवाज मिक्स करतानाच वर करा, मग खाली. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ती सूचना आहे. एका ओळखीच्या डीजेच्या कानातली शिट्टी आता थांबतच नाही, त्याला झोपताना पंखा मुद्दाम मोठा लावावा लागतो.

दारू फुकट मिळते. मी सेट संपेपर्यंत पाणी पितो आणि कॅबनं घरी येतो.

स्वतःचा ट्रॅक

दुसऱ्या शहरातून बोलावणं येतं ते बहुतेक तुम्ही बनवलेल्या ट्रॅकमुळे. तेव्हा एबलटन किंवा एफएल स्टुडिओ हे ट्रॅक बनवायचं सॉफ्टवेअर पहिल्या वर्षातच उघडा, पण घाई नको. ओढून-ताणून त्यात सतार घालू नका. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर राग वाजवून ठेवलेत, ते आधी शांतपणे ऐका.

आणि एक वही करा. पुण्या-मुंबईत साधारण दीडला दिवे लागतात. प्लेअरवरचं यूएसबी स्टॉप दाबून धरा, दिवा विझला की दोन्ही पेनड्राइव्ह काढा, हेडफोन गळ्यात आहे का चाचपा, साउंडवाल्याला थँक्यू म्हणा. मग कॅबमध्ये बसल्या बसल्या लिहा, किती वाजता कोणत्या ट्रॅकला लोक फ्लोअर सोडून गेले. माझ्या वहीत असे चाळीसेक ट्रॅक आहेत. त्यातले दोन मला अजूनही फार आवडतात. ते मी घरी ऐकतो.